मुका मार आणि इतर शब्द

ग्रामीण भागातील शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात शरीराला झालेली इजा तीन वेगवेगळ्या भाषांत नोंदवली जाते. जखमी माणूस किंवा त्याला घेऊन आलेला नातेवाईक ती आपल्या बोलीत सांगतो, वैद्यकीय अधिकारी ती इंग्रजीत केसपेपरवर उतरवतो, आणि जबाब घ्यायला आलेला हवालदार ती पोलीस ठाण्याच्या ठरावीक मराठीत बसवतो. पुढे खटला उभा राहिला, की या तिन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि त्यांचा मेळ बसला नाही, तर त्याचे नुकसान बहुतेक वेळा जखमी माणसालाच सोसावे लागते. या विभागात दीर्घकाळ काम केलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक गोष्ट हळूहळू उमगत जाते. सर्वांत नेमकी माहिती पहिल्या भाषेत, म्हणजे रुग्णाच्या तोंडच्या शब्दांत असते, आणि कागदावर येताना सर्वांत आधी तीच गळून पडते.

लिखित मराठीत इजा, जखम आणि दुखापत हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांपैकी 'इजा' अरबीतून आणि 'जखम' फारसीतून मराठीत रुजला. 'घाव' हा संस्कृत 'घात' या शब्दाचे घरगुती रूप आहे. वापरात मात्र त्यांच्यात भेद आहे. जखम म्हटले, की कातडी फाटलेली आणि रक्त आलेले अपेक्षित असते. दुखापतीला रक्ताची गरज नसते, ती खेळाडूच्या गुडघ्यालाही होते. आणि घाव हा होत नाही, तो घातला जातो, म्हणजे त्या शब्दामागे घाव घालणारा उभा असतो. अपघात विभागाच्या टेबलावर पडलेला माणूस मात्र हे शब्द क्वचितच उच्चारतो. तो खरचटलं म्हणतो, सालटं निघालं म्हणतो, चेंगरलं, ठेचलं, चिरलं, रुतलं, मुरगळलं, निखळलं म्हणतो. यांतील प्रत्येक क्रियापद इजा कशी झाली याचे एकेक छोटे वर्णन असते, आणि इजेचे यंत्रशास्त्र, म्हणजे कोणत्या दिशेने, कशाने आणि किती जोराने आघात झाला हे ओळखण्यासाठी न्यायवैद्यकाला नेमके हेच वर्णन हवे असते.

हा नेमकेपणा मराठीला आयता मिळालेला नाही. त्याला जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेत आघाताने झालेल्या ताज्या जखमांना 'सद्योव्रण' अशी संज्ञा असून त्यांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. छिन्न म्हणजे कापून वेगळे झालेले, भिन्न म्हणजे पोटासारख्या पोकळ भागात शस्त्र शिरून झालेले, विद्ध म्हणजे अणकुचीदार वस्तूने टोचलेले, पिच्चित म्हणजे प्रहाराने किंवा दाबाने हाडासकट चेपले गेलेले, घृष्ट म्हणजे घासून कातडी निघालेले. आणि क्षत हा छिन्न व भिन्न या दोन्हींत नीट न बसणारा प्रकार आहे. तोडणे, भोसकणे, टोचणे, चेंगरणे आणि खरचटणे ही शेतकऱ्याची क्रियापदे या संज्ञांशेजारी ठेवली, तर दोन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर असूनही वर्गीकरणाचे तत्त्व एकच दिसते. दोन्हीकडे जखमेला नाव मिळते ते ती कशी झाली यावरून. ती किती मोठी आहे याचा विचार नंतर येतो.

'खोक' हा शब्द या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. डोक्यावर दगड किंवा काठी बसून कातडी फुटली, की ग्रामीण रुग्ण 'डोक्याला खोक पडली' असे म्हणतो. कवटीवरची कातडी हाडावर ताणलेली असल्यामुळे बोथट वस्तूचा फटका बसला तरी ती सरळ रेषेत फुटते आणि जखम वरवर पाहता धारदार शस्त्राने कापल्यासारखी दिसते; घाईत तपासणारा नवखा डॉक्टर तिची नोंद कापलेली जखम अशी करतो. भिंगातून पाहिले, तर कडा किंचित ठेचलेल्या आढळतात, जखमेच्या तळाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तंतूंचे धागे शाबूत असतात आणि केसांची मुळे चिरडलेली दिसतात. धारदार पात्याने यांतील काहीच शिल्लक ठेवले नसते. हा फरक न्यायालयात निर्णायक ठरतो, कारण भांडणात कुऱ्हाड पुष्कळदा उलटी चालवली जाते. पोलिसांच्या कागदांत यासाठी 'कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारले' अशी शब्दयोजना येते. तुंबा म्हणजे पात्याच्या विरुद्ध बाजूचा जाड, बोथट भाग. तुंब्याने खोक पडते, धारेने चीर पडते. फिर्यादीत तुंबा आणि वैद्यकीय दाखल्यात धारदार शस्त्र असे आले, तर दोन्ही कागद खोटे वाटू लागतात. वास्तविक फिर्याद खरी असते आणि 'खोक' या शब्दातच ती अगोदर सांगून झालेली असते.

मराठीतील इजेच्या शब्दांत सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वाधिक गैरसमज पसरवणारा शब्द 'मुका मार' हा आहे. कातडी न फाटता, रक्त न दिसता आत बसलेला मार असा त्याचा अर्थ. जखमेला तोंड असते, असे मराठीत म्हटले जाते. या माराला तोंड नाही, तो स्वतःविषयी काही सांगत नाही, म्हणून तो मुका, अशी या शब्दाची संगती लावता येते. शब्द विलक्षण नेमका आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ 'फारसे काही नाही' असा होऊन बसला आहे. मोटारसायकल घसरून हँडल पोटात बसलेला तरुण चालत विभागात येतो, 'काही नाही, नुसता मुका मार आहे' असे म्हणतो, आणि बाहेर खरचटल्याची खूणही नसल्यामुळे ते सर्वांना पटते. अशा वेळी डाव्या बरगड्यांखाली असलेली प्लीहा, म्हणजे रक्त साठवणारा आणि गाळणारा मऊ अवयव, आतल्या आत फाटलेली असू शकते. तिच्याभोवतीच्या पातळ आवरणाखाली रक्त साठत राहते आणि काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, ते आवरण फुटून रुग्ण कोसळतो. या तरुणाने जाता जाता 'डावा खांदाही दुखतोय' असे म्हटले आणि खांद्याला तर कुठे लागलेले नाही, तर अनुभवी डॉक्टर त्याला घरी जाऊ देत नाही, कारण पोटात साठलेले रक्त श्वासपटलाला डिवचते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. नाडीचे ठोके दर पंधरा मिनिटांनी मोजणे, सोनोग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी रुग्णाला हलवणे, शल्यचिकित्सकाला बोलावणे हे सगळे त्या एका जोडवाक्याकडे लक्ष गेले तरच घडते. डोक्यावरच्या टेंगळाचेही तसेच आहे. टेंगूळ आलेला माणूस काही काळ नीट बोलतो, चहा मागतो, आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत गेले, की बेशुद्ध होतो. मधला शुद्धीचा काळ पाहून घरचे लोक निर्धास्त होतात आणि रात्री 'झोप लागली' म्हणून त्याला उठवत नाहीत.

मुक्या माराचा दुसरा धोका कागदावरचा आहे. पोलिसांच्या फिर्यादीत 'शिवीगाळ व दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व मुका मार दिला' हे वाक्य इतक्या वेळा येते, की ते वाचणारा आता त्यातले काहीच वाचत नाही. फिर्याददार स्त्रीने 'पोटात लाथ मारली, मग केस धरून दगडी उंबऱ्यावर आपटलं' असे सांगितलेले असते. जबाबात त्याचे 'लाथाबुक्क्यांनी' होते. दुसरीकडे पहिल्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीत बाह्य इजा नाही असा शेरा पडतो, कारण खोलवर साचलेले रक्त कातडीपर्यंत यायला एखादा दिवस लागतो. तांबूस किंवा निळसर डाग, मग काळपट, मग हिरवट आणि शेवटी पिवळा असा रंगांचा क्रम मुका मार बरा होताना दिसतो, आणि हा पिवळेपणा मार बसल्यापासून सुमारे अठरा तासांच्या आत दिसत नाही, एवढे न्यायवैद्यकात बऱ्याच खात्रीने सांगता येते. म्हणजे मुका मार कायमचा मुका राहत नाही. त्याला एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासले, तर तो बोलतो. मारहाणीच्या रुग्णाला अशा फेरतपासणीसाठी बोलावणे कुठल्याही रुग्णालयाला शक्य असते आणि ते फारच थोड्या ठिकाणी केले जाते, ही या कामातली खरी खंत आहे.

मराठीचे व्याकरण इजेच्या बाबतीत एक वेगळाच प्रश्न निर्माण करते. 'लागणे' या क्रियापदाला कर्ता लागत नाही. 'मला लागलं' या वाक्यात ज्याला लागले तो आहे, पण लावणारा कुणीच नाही. भूक लागते, झोप लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, तसेच शरीराला लागते. त्याचप्रमाणे मार, चटका, धक्का आणि फटका हे सगळे 'बसतात'. अपघाताचे वर्णन करायला ही रचना सोयीची आहे, कारण ठेच लागण्यात कुणाचा दोष नसतो. याच क्रियापदाने बाहेरगावाहून आलेले डॉक्टर कधी कधी गोंधळात पडतात. 'गाडी लागली' म्हणजे प्रवासात मळमळले, उलट्या झाल्या, आणि 'गाडीचं लागलं' म्हणजे वाहनाची धडक बसली. 'पान लागलं' म्हणजे साप चावला, कारण रात्रीबेरात्री सापाचे नाव घेऊ नये, असा संकेत अनेक गावांत पाळला जातो आणि त्याला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हटले जाते. हा संकेत माहीत नसलेल्या डॉक्टरने पान म्हणजे विड्याचे पान समजून विषबाधेचा विचार करण्यात अर्धा तास घालवला, तर मण्यारच्या दंशात तो अर्धा तास परत मिळत नाही.

घरात झालेल्या मारहाणीत मात्र 'लागणे' हा आडोसा होतो. विवाहित स्त्री सासरच्या माणसांबरोबर विभागात येते, प्रश्न तिला विचारला जातो आणि उत्तर शेजारी उभा असलेला पुरुष देतो, 'पडली, लागलं थोडं.' तीही मान हलवते. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उजेडात धरला, तर करंगळीच्या बाजूला दोन समांतर तांबड्या रेघा दिसतात आणि त्या दोन रेघांच्या मधला पट्टा फिका, जवळजवळ नेहमीच्या रंगाचा असतो. मराठीत याला 'वळ' म्हणतात. काठी किंवा पट्टा जोरात बसला, की त्याच्याखालचे रक्त दोन्ही कडांकडे ढकलले जाते आणि कडेच्या सूक्ष्म वाहिन्या फुटतात, म्हणून रेघा दोन उठतात आणि मधला भाग मोकळा राहतो. जमिनीवर पडून असा वळ उठत नाही. तो करंगळीच्या बाजूला आहे, याचाही अर्थ असतो, कारण डोके वाचवण्यासाठी हात वर उचलला, की तीच बाजू समोर येते. बोलीला हे सगळे ठाऊक आहे. 'वळ उमटले' असे मराठी माणूस पडलेल्या माणसाविषयी कधीच म्हणत नाही, मार खाल्लेल्याविषयीच म्हणतो. अशा वेळी अनुभवी परिचारिका नातेवाईकांना औषधाच्या चिठ्ठीसह बाहेर पाठवते, पडदा ओढते आणि 'ताई, कशानं लागलं?' असे विचारण्याऐवजी 'ताई, कुणी मारलं?' असे विचारते. उत्तर दर वेळी मिळतेच असे नाही. पण पहिल्या प्रश्नाने ज्या कर्त्याला वाक्याबाहेर ठेवलेले असते, त्याला दुसरा प्रश्न निदान जागा करून देतो.

भाजण्याच्या प्रकरणात हाच व्याकरणाचा प्रश्न जीवनमरणाच्या सीमेवर येतो. 'पेटली', 'पेटवून घेतलं' आणि 'पेटवून दिलं' ही एकाच धातूची तीन रूपे आहेत. पहिल्यात अपघात, दुसऱ्यात आत्मघात आणि तिसऱ्यात खून दडलेला आहे. मृत्युपूर्व जबाब, म्हणजे मृत्यूच्या छायेतील माणसाने मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन, पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ खाली आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ खाली ग्राह्य मानला जातो. त्या वेळी रुग्ण शुद्धीवर आणि जबाब देण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे डॉक्टरने नोंदवायचे असते. नातेवाईक बाहेर 'किती टक्के?' एवढेच विचारत असतात. रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसह शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण एक टक्का धरून तो हिशेब केला जातो. आत कागद घेऊन बसलेल्या माणसाने ऐकायचे असते ते क्रियापदाचे टोक, आणि ते ऐकू येईल तसेच लिहायचे असते, सुधारून नव्हे.

कायद्याची मराठी याहून वेगळी आहे, कारण तिला इजेचे स्वरूप नव्हे तर तिची पायरी ठरवायची असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१९ मध्ये दुखापत आणि कलम ३२० मध्ये जबर दुखापत यांच्या व्याख्या होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या अनुक्रमे कलम ११४ आणि ११६ मध्ये आल्या आहेत. जबर दुखापतीचे आठच प्रकार कायद्याने मोजून दिले आहेत. डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हे त्यांपैकी काही होत. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका निर्माण करणारी, अथवा तीव्र वेदना देणारी किंवा नेहमीचा कामधंदा करू न देणारी दुखापत येते आणि तिची मुदत जुन्या कायद्यात वीस दिवसांची होती, ती नव्या कायद्यात पंधरा दिवसांची झाली आहे. 'जबर' या शब्दाचा बोलीतला अर्थ आणि हा अर्थ यांचा संबंध नाही. अंगभर वळ उठलेल्या माणसाची दुखापत कायद्याने साधी ठरू शकते, आणि 'मोडलं नाही हो, नुसता क्रॅक आहे' असे म्हणत समाधानाने घरी जाणाऱ्याची दुखापत जबर असते, कारण हाडाला गेलेला तडाही मोडण्यातच जमा होतो. 'क्रॅक' हा शब्द मराठीत हलका होऊन बसल्यामुळे किती जणांनी आपली तक्रार सौम्य करून दिली असेल, याचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत नाही.

कामावरच्या इजांत शब्द आणखी बारीक व्हावा लागतो. पॉवर प्रेसखाली हात सापडलेला कामगार 'बोट गेलं' एवढेच म्हणतो. 'जाणे' हेही बिनकर्त्याचे क्रियापद. यंत्राची जाळी कुणी काढून ठेवली होती, हे त्यात येत नाही. परंतु २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात 'बोट' असा एकच प्रकार नव्हता. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरले जाई, पूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७ टक्के. आणि तर्जनीची दोन पेरे गेली तर ११, एकच गेले तर ९. म्हणजे डॉक्टरने 'बोटाचा काही भाग' असे लिहिले, की हिशेबाचा आधारच नाहीसा होतो. 'पेर' हा शब्द मराठीत ऊस आणि बोट या दोघांनाही लागतो, हे ऊसतोड कामगाराच्या बाबतीत फार जवळून दिसते. उजव्या हातातला कोयता निसटला, की तो उसाचे बुडखे धरलेल्या डाव्या हातावर किंवा नडगीवर येतो. जखमेत हळद दाबून, फडके गुंडाळून मजूर दुपारपर्यंत काम करतो आणि संध्याकाळी विभागात येऊन 'फार नाही लागलं' असे म्हणतो. या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि त्या हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एकाचा हात बांधला गेला, की कोयता अर्धा होतो आणि उचल पूर्णच फेडायची राहते. 'फार नाही लागलं' हे वाक्य त्या जखमेचे वर्णन नसते, त्या कर्जाचे असते. जखम किती खोल आहे, कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, तुटली आहे का, हे पाहण्यासाठी त्याला एकेक पेर वाकवायला सांगावे लागते. त्याच्या सांगण्यावर विसंबून टाके घालून सोडून दिले, तर ते बोट पुन्हा कधीच वाकत नाही.

या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांना एक साधी विनंती करावीशी वाटते. केसपेपरवर इंग्रजी निदान लिहिण्याआधी, रुग्णाने उच्चारलेले वाक्य अवतरणचिन्हांत, देवनागरीत, जसेच्या तसे लिहावे; 'मुका मार' म्हटले असेल तर 'मुका मार', 'पान लागलं' म्हटले असेल तर 'पान लागलं', आणि उत्तर रुग्णाऐवजी दुसऱ्याने दिले असेल तर ते कुणी दिले हेही लिहावे. मारहाणीच्या रुग्णाला एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणीस बोलावून उठलेल्या वळांची लांबी, रंग आणि जागा नोंदवावी. त्यासाठी वेगळा नमुना लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. केसपेपरच्या वरच्या भागात तेवढी जागा आजही कोरी असते.